हुंकाराला मालक नसतो

विभागातली तरुण प्राध्यापिका रेवती काळमेघ कामाला वाघ, पण आनंदाची बातमी पोटात ठेवणं तिला कधी जमलं नाही. त्या शनिवारी ती विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली ती दारावर टकटक न करताच.

"मॅडम, सगळ्यांचे होकार आले. काझी वकिलांचा अडला होता, तोही सकाळी आला. आता फक्त मोहोड सरांचा राहिला."

प्रणितानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोहोड सर म्हणजे मंगेश, तिचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती.

"त्यांचा कसा येणार गं?"

"तुम्हीच द्यायचा. वारस तुम्ही. बाकी जे गेले त्यांच्या वारसांनी दिलेत." रेवती जरा वरमली, पण थांबली नाही. "आवाजाच्या वारसाहक्काचा कायदा आपणच शिकवतो नं मॅडम. मेलेल्या माणसाचा आवाज त्याच्या वारसाचा."

आपणच शिकवतो, हे खरं होतं. वऱ्हाडातल्या त्या कॉलेजात 'इंटरनेटचा कारभार' नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, नोकरी करणाऱ्यांसाठी, दर शनिवार-रविवार दुपारी. नेटवरचे पत्ते कोण वाटतं, नियम कोण ठरवतं, सरकारनं कुठवर हात घालावा नि कंपन्यांनी कुठवर, असल्या गोष्टी तिथं शिकवतात. पहिल्या तुकडीला आता पंचवीस वर्षं होणार होती. प्रणिता त्या तुकडीची विद्यार्थिनी, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्याच विभागाची प्रमुख. रौप्यमहोत्सव करायचा हे ठरलं तेव्हा भेटवस्तू सुचवली रेवतीनं. शाल-श्रीफळ नको म्हणाली. पहिल्या तुकडीतल्या प्रत्येकाला त्याचा स्वतःचा हुंकार द्यायचा. सुपारीएवढी लाकडी डबी, दाबली की पंचवीस वर्षांपूर्वीचा आपला हुंकार ऐकू येईल. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. प्रणितालाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तिनं नीट विचारच केला नव्हता.

हुंकाराचं प्रकरण सुरू केलं वऱ्हाडपांडे सरांनी. दिगंबर वऱ्हाडपांडे म्हणजे तारखात्यातून शिकवण्याकडे आलेला माणूस, आवाज खर्जातला आणि शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, वर्ग किती वाजता सुरू करायचा, दोन की अडीच. झाडून सगळ्यांनी हात वर केले. सर म्हणाले, "हात खाली. डोळे मिटा. दोनला हवंय त्यांनी तोंड बंद ठेवून हुंकार द्या. मग अडीचवाल्यांनी. जो मोठा ऐकू येईल तो निर्णय. दोन्ही सारखे वाटले तर पुन्हा बोलू."

बँकेतल्या अढाऊ बाईंना हसू आवरेना. पण सर गंभीर होते. त्यांनी सांगितलं, ज्या इंजिनिअरांनी नेटचे नियम घडवले त्यांच्यात ही रीत आहे. मतं मोजायची नाहीत, खोलीचा कल ऐकायचा. "हात वर केला की हाताला मालक असतो," ते म्हणाले. "साहेब बघतो, शेजारी बघतो. हुंकाराला मालक नसतो. इथला हुंकार कुणाचा, हे कुणाला कधीच कळणार नाही. हा माझा शब्द."

त्या वर्गाला असल्या शब्दाची गरज होती. सगळे पोटासाठी कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली असलेले. अढाऊ बाई बँकेत, रेहान काझी नवा वकील, कुणी नगरपालिकेत, कुणी वीज कंपनीत, प्रणिता, तेव्हाची देवतळे, एका खासगी नेट कंपनीच्या तक्रार विभागात. आणि मागच्या बाकावर सायबर शाखेचा फौजदार मंगेश मोहोड. ड्यूटीमुळे निम्म्या तासांना गैरहजर असायचा. त्याच्यासारख्यांसाठी सर प्रत्येक तास रेकॉर्ड करून ठेवत. टेबलावरचं ते यंत्र सुरू करायला ते विसरत नसत, बंद करायला मात्र हटकून विसरत. त्यामुळे मधल्या सुट्टीत गिलावडे खाताना मारलेल्या गप्पाही त्यात आल्या, आणि हुंकारही आले. आपला शब्द आपल्याच टेबलावर मुरत पडलाय हे त्या शहाण्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही. त्या काळी एकमेकांत मिसळलेले हुंकार कुणी वेगळे करू शकेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं म्हणा.

अभ्यासक्रम संपत आला त्या महिन्यात शहराचं नेट बंद झालं. कसल्याशा भरतीचे पेपर फुटू नयेत म्हणून एका दिवसाची बंदी आली आणि ती वाढतच गेली. दवाखान्यातले रिपोर्ट अडले, मजुरांची मजुरी अडली, प्रणिताच्या कंपनीत लोक दारावर येऊन रडू लागले. तिनं वर्गात मांडलं की आपण इथं हेच शिकतो, तर बंदी उठवा असं निवेदन वर्गानं द्यावं.  वर्गातले निम्मे सरकारी नोकर, आणि बंदीची अंमलबजावणी तर खुद्द मंगेशच्या शाखेकडे.

सरांनी डोळे मिटायला सांगितले. आधी 'द्यावं' म्हणणाऱ्यांचा हुंकार झाला, मग 'देऊ नये' म्हणणाऱ्यांचा. पहिला उघडच मोठा होता. निवेदन गेलं. खाली सही एकट्या सरांची. पुढं चौकशी लागली, अभ्यासक्रमाचं अनुदान अडकलं, सरांनी दोन वर्षं बिनपगारी शिकवलं. मंगेशलाही वरिष्ठांनी बोलावून विचारलं, कोण कोण होतं त्यात. तो एवढंच म्हणाला, "डोळे मिटलेले होते साहेब."

त्याच संध्याकाळी तो प्रणिताला मोटारसायकलवर घरी सोडायला गेला. तिनं मागून विचारलं, "तू कोणत्या बाजूनं होतास?"

"माझ्या गळ्याला विचार."

"गळा काय म्हणतो?"

"तो नाही सांगून राहिला. त्यानं सरांना शब्द दिलाय."

वर्ष उलटायच्या आत लग्न झालं. तो प्रश्न मात्र संसारभर सोबत राहिला. भाजी खारट झाली, पोरीच्या शाळेवरून वाजलं, माहेरी जायचं ठरलं, काहीही असो, प्रणिता मधेच विचारायची, 'तू माझ्या बाजूनं होतास का रे तेव्हा?' आणि तो गळ्याकडे बोट दाखवायचा. पुढं काळ बदलला, त्या निवेदनाचं कौतुक सुरू झालं, पहिल्या तुकडीचे सत्कार झाले, हारतुरे झाले. मंगेश एकाही सत्काराला गेला नाही. "कोणी काय केलं ते माहीत नाही, मग हार कशाचे घालून राहिले बाप्पा," म्हणायचा. यावरून दोन्ही अर्थ निघत होते. त्यानं शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तिनं गमतीनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं ऑक्सिजनच्या मास्कच्या आत नुसतं 'हंऽऽ' केलं आणि डोळे मिचकावले. त्यानंतर ती बाहेर येऊन बाकावर बसली नि पदर तोंडात धरून रडली होती.

आता रेवती म्हणत होती, एका होकाराचं काम आहे.

"आधी मला दाखव ते यंत्र कसं काम करतं," प्रणिता म्हणाली.

रेवतीनं प्रयोगशाळेत चालू तुकडीला बोलावून सगळ्यांना एकदम हुंकार द्यायला लावलं. समोरच्या पडद्यावर एक जाड, गढूळ रेघ उमटली. मग ती रेघ फाटत गेली आणि तिच्यातून बारीक रेघा सुट्या झाल्या, प्रत्येकीपुढं नाव.

"माणूस बोलतो तेव्हा जीभ, ओठ, दात सगळे मधे लुडबुड करतात," रेवती समजावू लागली. "त्यामुळे आवाज बदलता येतो, नक्कल करता येते. हुंकारात तोंड बंद. आवाज नाकातून आणि कवटीतल्या पोकळ्यांतून फिरून बाहेर येतो. त्या पोकळ्या प्रत्येकाच्या निराळ्या, आणि त्या मनासारख्या बदलायची काही सोय नाही. म्हणून हुंकारावरून माणूस जितका नेमका सापडतो तितका बोलण्यावरून नाही. ज्याचा आवाज हवा त्याचा थोडा नमुना यंत्राला ऐकवायचा. मग भिंतींवरून आलेल्या प्रतिध्वनीवरून ते ती खोलीही उभी करतं, कोण कुठल्या बाकावर होतं तेसुद्धा."

"म्हणजे सरांनी ज्यासाठी हुंकार निवडला, त्याच्या नेमकं उलटं निघालं की."

"तसंच झालं मॅडम." रेवतीला त्यात काही बोचल्याचं दिसलं नाही.

प्रणिता पडद्याकडे बघत राहिली. मंगेशचे नमुने घरात ढिगानं होते. पोरीच्या वाढदिवसाला केलेलं भाषण होतं, रोज सकाळी आंघोळीनंतर गुणगुणायचा ते होतं. तिला वाटलं, आत्ता हो म्हटलं तर चहा निवायच्या आत कळेल. संसारभर ज्याच्यासाठी भांडलो ते कळेल. 

मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "रेवती, असं कर. बाकीच्यांचे काढ. त्यांनी होकार दिलाय. मंगेशचा तेवढा राहू दे."

रेवतीचा चेहरा पडला. "तसं नाही होत मॅडम. बाकीचे सगळे काढून घेतले की मागे उरतो तो त्यांचाच. 'द्यावं'मध्ये काही उरलं तर ते 'द्यावं'वाले, 'देऊ नये'मध्ये उरलं तर ते 'देऊ नये'वाले. त्यांचा लपवायचा तर कुणाचाच काढता येणार नाही."

झाली का पंचाईत. एकट्याचं झाकायचं तर सगळ्यांचं झाकावं लागणार, आणि सगळ्यांनी तर हौसेनं होकार कळवलेले. नाही म्हणावं तर सगळ्यांच्या आनंदावर पाणी, हो म्हणावं तर मंगेशनं जन्मभर सांभाळलेली गोष्ट सुपारीएवढ्या डबीत. आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःला ती डबी हवी होती. फार हवी होती.

रविवारी सकाळी ती सरांकडे गेली. सर आता मुलीकडे राहत. शरीर पार वाळून गेलेलं, खर्ज मात्र तसाच, आणि खिशाला डागही होता. लिहिणं सोडलं तरी पेन सुटलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. सरांनी खिशातलं पेन काढून समोर ठेवलं.

"चूक माझी गं," ते म्हणाले. "तोंडानं शब्द दिला आणि ते यंत्र चालू ठेवलं. तेव्हा वाटलं, काय होतंय."

"आता काय करायचं सर?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही शब्द दिला होता. तो मोडायचा नाही, असं वाटतं."

"शब्दाचं मी बघीन. तुला काय वाटतं, ते विचारून राहिलो."

 प्रणितानं चहाची कपबशी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, नसती तसदी. परत आली तेव्हा सर म्हणाले, "कार्यक्रमाला येतो मी. तिथंच विचारू वर्गाला. माझ्या रीतीनं."

रौप्यमहोत्सवाला मंडळी आली ती जुन्याच वर्गात. बाक बदलले होते, भिंतीला नवा रंग होता, पण खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड तेच होतं. ते बघूनच अढाऊ बाईंनी डोळ्याला रुमाल लावला. गुडघ्यांनी जेरीस आणलेल्या बाई हट्टानं आपल्या जुन्या जागी जाऊन बसल्या. काझी वकिलांची दाढी पांढरी झाली होती, कानात यंत्रं आली होती. तुकडीतले काहीजण जग सोडून गेले होते, काही लांबच्या गावांहून आले होते. गिलावडा आणि कढी आली तेव्हा कोण किती खायचं यावरून जुन्या चेष्टा निघाल्या, आणि थोड्या वेळासाठी सगळे पुन्हा तिशीतले झाले. मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. कुणी मुद्दाम ठेवली नव्हती, पण बसलंही नाही कुणी. प्रणितानं तिकडं एकदा बघितलं नि पुन्हा बघायचं टाळलं.

सर काठी टेकत टेबलापाशी उभे राहिले.

"सगळ्यांनी आपापली यंत्रं त्या टोपलीत टाका," ते म्हणाले. "फोन, घड्याळं, बोलके चष्मे, सगळं. काझी, कानातलीसुद्धा."

"मग मला ऐकू कसं येणार सर?"

"हुंकार छातीत ऐकू येतो. काढ."

टोपली भरली. सर रेवतीला म्हणाले, "ही शेजारच्या खोलीत ने. आणि तूही तिथंच थांब. तुझे कान तरुण आहेत." रेवती हसत टोपली घेऊन गेली. दार लागलं.

मग सरांनी काझींना अगदी जवळ बसवून सगळ्यांना आपली चूक सांगितली, आडपडदा न ठेवता. यंत्र काय करू शकतं तेही सांगितलं. "तुम्ही सगळ्यांनी होकार कळवलाय. तरी माझ्या समाधानासाठी एकदा विचारतो. डोळे मिटा. ते हुंकार उघडावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी."

प्रणितानं डोळे मिटले. तिला वाटलं होतं, आता खोली दणाणेल. एवढे होकार आलेत, एवढी हौस आहे.

खोली गप्प होती. कढीच्या पातेल्यावरचं झाकण कुणाच्या तरी धक्क्यानं वाजलं, तेवढाच आवाज.

त्या शांततेत तिला मंगेश आठवला. मोटारसायकल आठवली, मास्कमधलं ते 'हंऽऽ' आठवलं. सरांच्या शब्दाबद्दल तिनं त्यांनाच ऐकवलेलं, पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं. पण तिला नवऱ्याचा आवाज हवा होता. तो आपल्या बाजूनं होता की नव्हता हे कळल्याशिवाय मरायचं नव्हतं तिला. आणि ओठ घट्ट मिटलेले असताना तिच्या गळ्यातून हुंकार निघाला. बारीक, एकटा, थोडा थरथरता. कुणीतरी साथ देईल म्हणून ती श्वास पुरेपर्यंत हुंकारत राहिली. कुणी दिली नाही.

"आता, उघडू नयेत असं वाटतं त्यांनी," सर म्हणाले.

तेव्हा मात्र खोली भरून आली. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी तो खर्जातला हुंकार आला आणि बाक थरथरल्याचं हातांना जाणवलं. प्रणिता गप्प बसून ऐकत होती. तिला लाज वाटली नाही. आपण हरलो याचं वाईट वाटलं आणि हरलो ते बरं झालं असंही वाटलं.

"उघडा डोळे," सर म्हणाले. "काय ते कळलं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि हळूहळू हसू लागले. पहिले बोलले काझी वकील. कानात यंत्र नसल्यामुळे त्यांचा आवाज जरा मोठाच निघाला.

"मग सगळ्यांनी होकार काहून कळवले होते?"

"तुम्ही काहून कळवला?" अढाऊ बाईंनी त्यांच्या जवळ जाऊन विचारलं.

"आता काय सांगू बाई. रेवतीनं नावानिशी विचारलं. नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, हा तेव्हा विरोधात होता. इतके सत्कार घेतले, इतकी भाषणं ठोकली. होतो की नव्हतो, ते सोडा. पण नाही म्हणायची सोयच नव्हती."

"माझंही तेच," बाई म्हणाल्या, आणि वर्गभर माना हलल्या. नावानिशी विचारलं तेव्हा एकजात सगळे हो म्हणाले होते. डोळे मिटल्यावर खरं बोलले. सरांनी जे पहिल्या तासाला सांगितलं होतं ते पंचवीस वर्षांनी पुन्हा शिकावं लागलं, आणि शिकवणारी विभागप्रमुख स्वतः त्यात होती.

रेवतीला आत बोलावलं. निकाल ऐकून ती आधी हिरमुसली, मग आपली विचारायची रीतच कशी चुकली ते तिच्या ध्यानात आलं आणि ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "डब्या वाया नको घालवू. सगळ्या डब्यांत तो अख्खा हुंकार भर. 'द्यावं'चा पण, 'देऊ नये'चा पण. न सोडवता."

मग तिनं तो वर्गात वाजवला. आधी यंत्राची घरघर, मग तरुण वऱ्हाडपांडे सरांचा आवाज, डोळे मिटा म्हणणारा, आणि मग ते दोन हुंकार, एकापाठोपाठ एक. त्यात जे आता नव्हते तेही होते. काझी वकील टेबलावर हात पसरून ऐकत होते. प्रणिता कान देऊन मंगेशला शोधत राहिली. पहिल्यात तो असल्यासारखा वाटला. दुसऱ्यातही वाटला. कुठंतरी होता एवढं खरं, आणि तिच्याबरोबर त्याच खोलीत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिनं पुसलं नाही. सगळेच रडत होते, त्यामुळे कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

पांगापांग झाली. सरांना त्यांच्या मुलीनं गाडीत बसवलं. रेवती डब्या टोपलीत भरत होती, त्यातली एक तिनं प्रणिताच्या हातावर ठेवली.

"मॅडम, एक विचारू? निर्णय एकमतानं झाला का?"

"जवळजवळ."

"म्हणजे उघडा म्हणणारं कुणीतरी होतं. कोण असेल हो?"

प्रणितानं डबी पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"डोळे मिटलेले होते," ती म्हणाली.